पाच जणांत एकच पासवर्ड, चालतंय का?

प्रश्न: ताई, आम्ही पाच जण दुकानदारांचे हिशोब ऑनलाइन करतो, मी परभणीत, दोघं लातूरला, एक नांदेडला, एक पुण्यात. सगळ्यांचं लॉगिन एकच आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला. मागच्या महिन्यात एकानं काम सोडलं तवापासून धाकधूक वाटायलीय. काय करावं? — एक वाचक, परभणी

उत्तर: भाऊ, माणूस चांगला असंल हो, पण त्याचा मोबाइल उद्या हरवला तर? दुकानदारांनी विश्वासानं सगळा हिशोब तुमच्या हाती दिलाय. म्हणून आजच पासवर्ड बदला, आणि नुसतं बदलून भागत नाही, सेटिंगमधून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट पण करा, कारण जुन्या मोबाइलवर कधीकधी लॉगिन तसंच चालू राहतं. ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला तरी कुणाच्या तरी बॅकअपमध्ये राहिलेला असू शकतो.

मग प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, ज्याला जेवढं काम तेवढीच परवानगी. आणि ओटीपी एसएमएसवर घेण्यापेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे लॉगिनचा कोड मोबाइलवरच दाखवणारं अ‍ॅप, लावा. त्यातला सहा आकडी कोड साधारण दर 30 सेकंदाला बदलतो आणि तो मोबाइलमध्येच तयार होतो, त्यामुळं लाइट गेली, टॉवर बंद पडला, रेंजचा एक दांडा नाही, तरी कोड दिसतोच. आपल्याकडं हे फार कामाचं आहे. अ‍ॅप लावताना मिळणारे बॅकअप कोड (मोबाइल हरवला तर लॉगिन करायला कामी येणारे) वहीत लिहून कपाटात ठेवा, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

पैसे गेलेच तर वाट बघत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.