पाचवा महिना आणि पलंगाच्या काठावर झोपणारा नवरा

अगं, गरोदरपणात संबंध ठेवले तर चालतात का, हे लाजत लाजत विचारलंयस, पण विचारलंस हे बरं केलंस. पाचवा महिना लागलाय, उलट्या थांबल्यात, इच्छा आधीपेक्षा जास्तच होते आणि नवरा 'बाळाला काही झालं तर?' म्हणून पलंगाच्या काठावर झोपतो. तुझ्यात काही बिघडलेलं नाही, त्याच्यातही नाही.

चिंचेचे डोहाळे लागले तर अख्खं घर कौतुक करतं. या इच्छेला मात्र डोहाळे म्हणायची सोय नाही, म्हणून आपल्यालाच अपराधी वाटतं. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, थकवा आणि छाती इतकी दुखरी की बऱ्याच जणींना कुणी जवळ आलेलंही नको होतं. मला तर नवऱ्याच्या डोक्याच्या तेलाचा वास सहन होत नव्हता. मग मधल्या महिन्यांत त्रास ओसरतो, ओटीपोटातला रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि काहींची इच्छा जागी होते. काहींची शेवटपर्यंत होत नाही. दोन्ही ठीक.

बाळाचं म्हणशील, तर ते गर्भपिशवीच्या जाड स्नायूंच्या आत, पाण्यात असतं आणि पिशवीचं तोंड घट्ट चिकट स्रावाने बंद असतं. संबंधांमुळे त्याला धक्का लागत नाही. नंतर पोट थोडा वेळ कडक होतं, मग सैल पडतं. त्याच वेळी बाळाने लाथ मारली की नवरे हमखास दचकतात. आमचे हे तर उठूनच बसले होते! सुरुवातीच्या महिन्यांतले गर्भपातही बहुतेक वेळा गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. अशा वेळी 'त्या रात्रीमुळे झालं' म्हणून बायका वर्षानुवर्षं मनात कुढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण काही जणींना खरोखर मनाई असते. वार (प्लॅसेंटा) खाली, पिशवीच्या तोंडावर असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी जात असेल, पिशवीचं तोंड उघडू लागलं असेल किंवा दिवस भरायच्या आधी कळा येत असतील, तर डॉक्टर सांगतील तेच. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली, तरी पोट वाढेल तशी ती बऱ्याचदा वर सरकते. म्हणून पुढच्या सोनोग्राफीनंतर पुन्हा विचारायचं. संबंधांनंतर डाग दिसला तर थोडासाच आहे म्हणून गप्प बसू नकोस, कळव.

पोट वाढलं की उताणं झोपून नको, शिरेवर दाब येऊन गरगरतं. कुशीवर बरं पडतं.

आता आमची फजिती. पहिल्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांभाळून राहा." आम्ही दोघांनी त्याचा अर्थ लावला, सगळं बंद. चार महिने त्यांनी माझा हातसुद्धा धरला नाही. त्यांना वाटे मला इजा होईल, मला वाटे माझं सुटलेलं पोट त्यांना किळसवाणं वाटतंय. पुढे कळलं, बाईंना म्हणायचं होतं की पाण्याने भरलेल्या बादल्या उचलू नका. तोवर सातव्यातलं डोहाळजेवण उरकून मी माहेरी पोहोचलेले. तान्ह्याला घेऊन परत आले तेव्हा आम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलत होतो.

बाळंतपणानंतरचंही आत्ताच ऐकून ठेव. साधारण सहा आठवडे थांबतात, पण चाळिसाव्या दिवशी शरीर तयार असेलच असं नाही. टाके दुखतात, अंगावर पाजताना कोरडेपणा येतो, तो प्रेम आटल्याचा पुरावा नाही. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं जेल मिळतं. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, रबर फाटतं. आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, या भरवशावर माझी एक मैत्रीण फसली आहे. दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

पुढच्या तपासणीला नवऱ्याला बाहेर बाकड्यावर बसवू नकोस, आत ने. "सांभाळून म्हणजे नेमकं काय? संबंध ठेवले तर चालतील का? कधी थांबायचं?" असं सरळ विचार. उत्तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकू दे. तुझ्या तोंडून ऐकून त्याची भीती जाणार नाही. तोवर संबंधच कशाला, पाय चेपून मागितलेस तरी चालतं की!