तक्रार नेमकी कोणत्या दिवशी झाली?

मानेवाड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आहे. पोळ्याच्या शुक्रवारी रात्री क्रेडिट कार्डवरून परदेशी वेबसाइटवर ६८,४०० रुपये गेल्याचा मेसेज त्यांना आला. ओटीपी आलाच नव्हता. मंगळवारी त्यांनी टोल-फ्री नंबरवर फोन करून कार्ड बंद केले, लेखी अर्ज मात्र त्याच्या पुढच्या मंगळवारी शाखेत दिला. बँक म्हणते, तक्रार आठव्या दिवशी आली, पैसे मिळणार नाहीत. अशी पत्रे मला वारंवार येतात आणि बहुतेकांत घोळ हाच असतो.

सर, ओटीपीशिवाय व्यवहार झालाच कसा, यावर तुम्ही दोन पाने लिहिली आहेत. परदेशी व्यापाऱ्याला कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही पुरतात. ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती देशातल्या ऑनलाइन व्यवहारांना आहे. तुमचे प्रकरण तारखेवर ठरेल.

व्यवहार झाला तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याला एक रुपयाही सोसावा लागत नाही. मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. दिवस तुमच्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे. दुसऱ्या दिवशीचा, तान्ह्या पोळ्याचा शनिवार चौथा होता, म्हणून शाखा बंद, मग रविवार. म्हणजे सोमवार पहिला दिवस आणि तुमचा फोन दुसऱ्या दिवशी गेला. कळवणे लेखीच हवे असे परिपत्रकात कुठेही नाही. उलट फोन, एसएमएस, ईमेल, टोल-फ्री हे मार्ग बँकेने चोवीस तास उघडे ठेवायचे आहेत आणि तक्रार क्रमांक लगेच द्यायचा आहे.

मात्र त्या फोनवर तुम्ही काय बोललात? ‘हा व्यवहार माझा नाही’ हे शब्द आले असतील तर तक्रार त्याच दिवशी झाली. नुसते ‘कार्ड बंद करा’ म्हटले असेल तर बँक नक्की वाद घालेल. म्हणून आजच बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, पत्र लिहून त्या कॉलचे रेकॉर्डिंग आणि नोंद जपून ठेवायला सांगा, प्रत मागा. कार्ड बंद झाल्याचा मेसेज मोबाइलमधून पुसू नका. तक्रार क्रमांक तुम्ही लिहून घेतला नाहीत, याचा मला खरोखर राग येतो. तेवढे केले असते तर हे पत्र लिहावेच लागले नसते.

आणि बँकेची मोजणीही चुकली आहे. मधला बुधवार गणेश चतुर्थीचा, शाखा बंद. लेखी अर्ज सातव्या दिवशी पोहोचला. चार ते सात दिवसांत कळवले तर पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर ग्राहकाचा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये. म्हणजे फोन पूर्ण बाजूला ठेवला तरी ५८,४०० परत मिळायला हवेत.

सिंगापूरच्या सहलीसाठी परदेशी व्यवहार सुरू केलेत आणि आल्यावर बंद केले नाहीत, हा निष्काळजीपणाच. परिपत्रकातले उदाहरण मात्र कार्डाची गुप्त माहिती दुसऱ्याला देण्याचे आहे आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. एखाद्या कुरियरच्या लिंकवर सीव्हीव्ही भरला होता का, हे मात्र स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. भरला असेल तर कळवण्यापूर्वीचे सगळे नुकसान तुमचे आणि वरचा हिशेब बाद.

नकारपत्र हातात आहे, तेव्हा आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही. आधी ग्राहक आयोगात गेलात तर त्याच वादाची तक्रार लोकपाल घेणार नाही, आणि आयोगात तारखांवर तारखा पडतात. आयोगाच्या दारासाठी दोन वर्षांची मुदत आहे, ती डायरीत लिहून ठेवा. दरम्यान बिलातली वादग्रस्त नसलेली रक्कम वेळेवर भरा आणि उरलेल्या रकमेवरच्या व्याजाला लेखी हरकत घ्या. यावेळी पोच घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका.