वाचकांचे प्रश्न : चित्रांचा खेळ, दोन लिप्या आणि एक नवी स्क्रिप्ट भाषा

प्रश्न : मी बेळगावात संगणकशास्त्राच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या मराठी शाळेतील मुलांना कन्नड शब्दांची ओळख व्हावी, म्हणून चित्र उचलून योग्य शब्दावर नेऊन ठेवण्याचा एक खेळ मला प्रकल्प म्हणून तयार करायचा आहे. शब्द मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत दिसले पाहिजेत. मला सी आणि थोडीफार पायथन येते. एक मित्र खेळ तयार करण्याचे ‘गोडो’ हे सॉफ्टवेअर आणि त्यातील ‘जीडीस्क्रिप्ट’ ही भाषा वापरण्यास सांगतो. एका प्रकल्पासाठी नवी भाषा शिकावी का? आणि ती पुढे बंद पडली तर शिकलेले वाया जाईल का?
– एक विद्यार्थी, ता. खानापूर

उत्तर : अवश्य शिकावी. जीडीस्क्रिप्टची मांडणी पायथनच्या वळणाची आहे, त्यामुळे तिचे व्याकरण तुम्हाला जड जाणार नाही. वेळ लागेल तो विचाराची पद्धत बदलायला. सी शिकताना आपण प्रोग्रॅम वरून खाली चालत जातो असे गृहीत धरतो. इथे मात्र प्रोग्रॅम मुलाच्या कृतीची वाट पाहत थांबलेला असतो आणि कृती घडली की तिच्यासाठी लिहिलेले फंक्शन गोडो स्वतःहून बोलावतो. तुमच्या खेळात अशी तीन फंक्शन्स महत्त्वाची आहेत. चित्र उचलताच ‘गेट ड्रॅग डेटा’ हे फंक्शन कोणते चित्र उचलले ते सांगते. चित्र एखाद्या शब्दावर आले की त्या शब्दाचे ‘कॅन ड्रॉप डेटा’ ते इथे ठेवता येईल की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असे देते. आणि बोट सोडल्यावर ‘ड्रॉप डेटा’ पुढचे काम करते. मात्र चुकीच्या शब्दावर ‘नाही’ असे उत्तर देऊ नका. तसे केल्यास चित्र ठेवलेच जात नाही आणि मुलाला आपले काय चुकले ते कळत नाही. चित्र ठेवू द्यावे आणि मग योग्य शब्द उजळून दाखवावा, असे मला वाटते.

भाषा बंद पडण्याची तुमची भीती निराधार नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००७ मध्ये अशाच कामासाठी ‘जावाएफएक्स स्क्रिप्ट’ ही भाषा जाहीर केली, २००८ च्या डिसेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती आली, आणि सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर २०१० मध्येच ती सोडून देण्यात आली. तरीही प्रोग्रॅममधील एखाद्या चलाची किंमत बदलली की पडद्यावरचा तिच्याशी बांधलेला भाग आपोआप बदलावा, ही तिच्यातील कल्पना २०११ च्या जावाएफएक्स २.० मध्ये साध्या जावाच्या रूपाने टिकली. याउलट टीसीएल या स्क्रिप्ट भाषेसाठी तयार झालेला ‘टीके’ हा खिडक्या-बटणे तयार करण्याचा चित्रमय संच आजही पायथनमध्ये ‘टीकेइंटर’ या नावाने रोज वापरला जातो. जीडीस्क्रिप्ट गोडोबाहेर चालत नाही, ही तिची मर्यादा खरी आहे; परंतु गोडोचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, २०१४ पासून कोणालाही वापरू व बदलू देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली खुला असल्याने कोणा एका कंपनीच्या निर्णयाने तो नाहीसा होणार नाही.

आता तुमच्या प्रकल्पाच्या गाभ्याकडे येतो, तो म्हणजे लिपी. गोडोची ४.० किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या, कारण २०२३ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासूनच भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी तिच्यात नीट होऊ लागली. ‘निपाणी’ या शब्दातील पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत ‘न’च्या नंतर साठवलेली असते, पण पडद्यावर ती त्याच्या आधी दिसावी लागते, तर कन्नडमध्ये जोडाक्षराचे दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली ओत्तक्षर होऊन लटकते. ही जुळणी न जाणणाऱ्या जुन्या आवृत्तीत दोन्ही लिप्या मोडलेल्या दिसतात, आणि अक्षर नुकतेच ओळखू लागलेल्या मुलापुढे मोडके अक्षर ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

शब्द अक्षर-अक्षर करून दाखवायचा असेल तर आणखी जपावे लागेल. ‘हुक्केरी’ हा शब्द आपण हु, क्के, री असा तीन अक्षरांत वाचतो. संगणकाला विचारल्यास मात्र तो त्याची लांबी आठ सांगतो, कारण ह, उकार, क, हलन्त, क, मात्रा, र आणि वेलांटी यांना तो स्वतंत्र मोजतो. लांबीवर विसंबून तुकडे केले तर मुलाला मधेच सुटा हलन्त दिसेल. म्हणून हे तुकडे यंत्रावर न सोपवता प्रत्येक शब्दाची फोड दोन्ही लिप्यांत स्वतः करून जेसन फाइलमध्ये, म्हणजे माहिती नीट मांडून ठेवणाऱ्या साध्या मजकूर फाइलमध्ये, लिहून ठेवा. शब्द स्क्रिप्टच्या बाहेर राहिले म्हणजे शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंना ते तपासता येतील, आणि नवा शब्द घालताना कोडला हात लावावा लागणार नाही.

शाळेतले संगणक बहुधा जुने असतील. प्रकल्प सुरू करतानाच ‘कंपॅटिबिलिटी’ हा रेंडरर, म्हणजे पडदा रंगवणारा भाग, निवडा; मग व्हल्कन ही नवी चित्रण-प्रणाली नसलेल्या यंत्रांवरही खेळ चालेल. ‘लो प्रोसेसर मोड’ चालू ठेवल्यास बदल झाल्यावरच पडदा पुन्हा रंगवला जातो आणि यंत्रावरचा भार कमी होतो. चित्र सरकवण्याचा वेग मात्र प्रत्येक फ्रेममागे ठरावीक पिक्सेल असा न ठेवता ‘डेल्टा’ने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने गुणून काढा; नाहीतर संथ यंत्रावर चित्र रांगेल आणि वेगवान यंत्रावर ते पळेल.

प्रश्न : गोडोत केलेली मराठी सूचना माझ्या संगणकावर नीट दिसते, पण दुसऱ्याच्या यंत्रावर अक्षरांऐवजी चौकोन येतात. असे का होते?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुमच्या संगणकावरील फॉन्ट त्याला सापडतो, दुसऱ्याकडे तो नसतो. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा मोफत फॉन्ट प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवून थीममध्ये तोच निवडा. कन्नडही दाखवायचे असल्यास ‘नोटो सॅन्स कन्नड’ त्याच्या फॉलबॅक यादीत, म्हणजे अक्षर न सापडल्यास वापरायच्या फॉन्टच्या यादीत, घाला आणि प्रकल्प पुन्हा एक्स्पोर्ट करा.