पाना-पकड : व्हिडिओत रस्ता का लचकतो?

प्रश्न : ताई, माझी एक सिलिंडरची टुरिंग गाडी आहे. आरशाच्या दांडीला क्लॅम्प लावून, त्यावर वीतभर लांबीचा, तीन सांध्यांचा हात जोडून छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा बसवला होता. पाच दिवसांचा प्रवास चित्रित केला. घरी येऊन पाहतो तर रस्ता, डोंगर, पुढची गाडी, सगळं लाटांवर तरंगल्यासारखं हलतंय. साठच्या खाली ठीक दिसतं, ऐंशीला पार बिघडतं, पंच्याण्णवला पुन्हा जरा बरं. स्टॅबिलायझेशन चालू होतं. चांगल्यातला कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : कॅमेरा राहू द्या. तो वीतभर हात आधी काढून टाका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : ऐंशीला बिघडतं आणि पंच्याण्णवला बरं होतं. कॅमेऱ्यात खोट असती तर ती वेग बघून आली-गेली नसती. मी तेवीस वर्षं कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. आमच्याकडे एका पंपावर दाबाचं गेज लांब नळीच्या टोकाला बसवलेलं होतं. मोटर ठरावीक फेऱ्यांवर आली की गेज इतकं थरथरायचं की काटा दिसायचा बंद व्हायचा. फेऱ्या आणखी वाढवल्या की पुन्हा शहाण्यासारखं गप्प. टोकाला लटकलेल्या प्रत्येक वस्तूची झुलण्याची स्वतःची एक लय असते आणि इंजिनाचा ठोका त्या लयीशी जुळला की थरथर कित्येक पटींनी वाढते. तुमच्या गाडीवर ती गाठ ऐंशीच्या आसपास पडते आहे.

आता त्या हाताचा हिशेब बघा. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला वजन लावलं, तर दांडीचं वाकणं लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट, तिप्पट केली तर सत्तावीसपट. शिवाय तीन सांधे म्हणजे तीन ठिकाणी ढिलाई. त्यातून आरशाची दांडी मुळात स्वतःच बारीक आणि लांब. ठरावीक वेगाला आरशातलं चित्र धूसर होतं, हे तुम्ही रोज पाहत असणार. त्याच दांडीवर कॅमेरा बांधायचा आणि चित्र स्थिर यावं म्हणायचं, हे अवघड आहे.

लाटा का दिसतात, तर या कॅमेऱ्यांचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो ओळीओळीने वाचत जातो, आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. इंजिन ४००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला साधारण ६७ फेरे झाले, म्हणजे एका फेऱ्याला १५ मिलिसेकंद. चित्र वरून खाली वाचून होईपर्यंत कॅमेरा एकदा इकडे आणि एकदा तिकडे जाऊन येतो. वरची ओळ एका जागची, मधली दुसऱ्या जागची, म्हणून सरळ खांब लचकतो. स्टॅबिलायझेशनची मदार कॅमेऱ्यातल्या जायरोवर, म्हणजे कॅमेरा किती वळला ते मोजणाऱ्या भागावर असते. खड्ड्याचा गचका, वळणावरचा हेलकावा असल्या संथ हालचाली ते छान सांभाळतं. इंजिनाची बारीक, भराभर होणारी थरथर मात्र त्याच्या हाती नीट लागत नाही आणि कधी कधी ती दुरुस्त करायच्या नादात तेच चित्र आणखी वेडंवाकडं करतं. चित्राच्या कडा कापल्या जातात त्या वेगळ्याच.

मग लावायचा कुठे? यासाठी कारखान्यातली एक जुनी युक्ती सांगते. काळ्या चिकटपट्टीचे चार-पाच तुकडे घ्या आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्या. हँडलचा मधला भाग, आरशाची दांडी, क्रॅश गार्डचं टोक, टाकीच्या पुढची चौकट, मागचं कॅरियर, असे तुकडे चिकटवा. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये उभी करा आणि कुणाला तरी थ्रॉटल सावकाश वाढवायला सांगा. जिथे ठिपक्याची रेघ होते ती जागा सोडा. जिथे ठिपका ठिपकाच राहतो तिथे कॅमेरा. वीस मिनिटांचं काम आहे, आणि ज्यांनी ज्यांनी केलं त्या सगळ्यांना गार्डच्या टोकाचा निकाल पाहून धक्का बसला. वास्तविक त्यात धक्का बसण्यासारखं काही नाही. बऱ्याच गाड्यांवर गार्ड इंजिनाच्याच बोल्टांना अडकवलेला असतो आणि त्याचं बाहेरचं टोक अधांतरी असतं. गार्डवरच लावायचा हट्ट असेल तर जिथे तो बोल्टाने चौकटीला भेटतो त्याच्या जवळात जवळ लावा.

पुढच्या फोर्कच्या खालच्या नळीवर लावू नका. ती नळी सस्पेन्शनच्या खाली येते. चाकाला बसलेला प्रत्येक दणका तिथे जसाच्या तसा पोचतो.

माझ्या गाडीवर कॅमेरा हँडलच्या मध्यावर, हँडल जिथे खाली आवळलेलं आहे त्या क्लॅम्पला अगदी चिकटून बसतो. मध्ये फक्त एक बोटाच्या पेराएवढा तुकडा. क्लॅम्प घेताना आधी नळीची जाडी मोजा. साधी हँडलं २२ मिलिमीटरची असतात. मध्ये जाड होत जाणारी २८.६ मिलिमीटरची. मोठा क्लॅम्प घेऊन आतून रबराचे थर भरणं म्हणजे ढिलाई विकत घेणं. पातळ रबराची एक पट्टी चालते, तीही घसरू नये म्हणून. लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. क्लचची तार, ब्रेकची नळी, टाकी, कशालाच काही लागता कामा नये. चालत्या गाडीवर, वळणाच्या मध्यावर ते कळण्यात अर्थ नाही.

एवढं करून बारीक लचक उरलीच, तर एनडी फिल्टर. भर उन्हात कॅमेरा शटर, म्हणजे एक चित्र टिपायचा वेळ, सेकंदाच्या १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवतो, आणि मग प्रत्येक थरथर कोरून काढल्यासारखी दिसते. काळपट काच लावून सेकंदाला ३० चित्रांना १/६० च्या आसपास शटर आणलं की जवळचा रस्ता वाहता दिसतो आणि थरथर त्यात मिसळून जाते. बोगदा आला, संध्याकाळ झाली, की काच काढायची. पण फिल्टरने सुरुवात करू नका. तो रोगावरचा रंग आहे, औषध हाताची लांबी कमी करण्यातच आहे.

प्रश्न : चिकटपट्टीचे माउंट खरंच टिकतात का? धावत्या गाडीवरून कॅमेरा उडेल अशी भीती वाटते.

उत्तर : टिकतात, आणि माझा उडालेलाही आहे. दोष सर्वस्वी माझा. पहाटे निघायच्या आधी, थंडीत, दवाने ओलसर झालेल्या टाकीवर मी माउंट दाबलं आणि दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर घेतली. दुपारपर्यंत पट्टीची एक कड उचलली गेली. दोरी बांधली होती म्हणून कॅमेरा वाचला, पण दोरी हातभर लांब. घाटातल्या उतारावर तो टाकीवर सहा-सात वेळा आपटला, आणि मी इंजिनात काहीतरी तुटलं समजून घाम पुसत गाडी बाजूला घेतली. टाकीवरचे पोचे अजून आहेत.

या माउंटखाली असते ती फेसाळ अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबल्या दाबल्या पूर्ण पकडत नाही. साध्या खोलीच्या तापमानाला वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत नव्वद टक्के, पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. तापमान दहा अंशांच्या खाली असेल तर चिकटवूच नका. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, माउंट अंगठ्याने जोर देऊन अर्धा मिनिट दाबा आणि तीन दिवस विसरून जा. गोलाईवर सपाट माउंट चिकटवू नका; कडा पहिल्या दिवसापासून सुटायला बघतात.

वाऱ्याचा जोरही लक्षात घ्या. सात बाय पाच सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यावर ताशी १०० किलोमीटरला वारा सुमारे १८० ग्रॅम वजनाइतका रेटतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढा किंवा थोडा जास्तच. पन्नासच्या वेगाला हाच रेटा पाव होतो. म्हणून वस्तीतल्या रस्त्यावरची चाचणी हमरस्त्यावर उपयोगाची नाही.

दोरी हवीच, आणि ती कॅमेऱ्याला बांधा. माउंटला बांधून काय उपयोग? तिची लांबी अशी हवी की कॅमेरा सुटला तरी चाक, चेन किंवा हँडल आणि टाकीमधली फट, यांपैकी कुठेही पोचणार नाही. चार बोटं पुरते.

एक चूक मात्र करू नका. बोल्ट ढिले होतात म्हणून मी एकदा प्लास्टिकच्या माउंटच्या आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारं चिकट द्रावण लावलं. धातूला ते उत्तम. पण कित्येक पारदर्शक आणि कडक प्लास्टिकना ते खातं. चार दिवसांत माउंटला केसासारख्या भेगा गेल्या. प्लास्टिक असेल तिथे आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा.

प्रश्न : वेगळा कॅमेरा कशाला, माझा फोन उत्तम चित्रण करतो. तोच हँडलवर लावला तर?

उत्तर : नको. फोनच्या कॅमेऱ्यात भिंग किंवा सेन्सर अधांतरी तोलून धरलेला असतो. हात हलला की तो उलट हलून चित्र सावरतो. महिनोन्‌महिने इंजिनाची थरथर खाऊन ही रचना बिघडू शकते. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये मोटारसायकलचं नाव घेऊन ग्राहकांना हेच बजावलं होतं. नकाशासाठी फोन लावायचाच असेल तर थरथर शोषणारा रबरी तुकडा असलेला होल्डर घ्या.

प्रश्न : ताई, आवाजाचं काय करावं? माझ्या व्हिडिओत वाऱ्याच्या घोंगावण्याशिवाय काही ऐकू येत नाही.

उत्तर : कॅमेऱ्याच्या माइकवर पाणी सोडा. वारा थेट माइकच्या छिद्रावर आदळतो आणि त्याखाली बाकी सगळं दबून जातं. नंतर संगणकावर ते साफ करायला बसाल तर इंजिनाचा आवाजही डब्यात बोलल्यासारखा होतो. बोलायचं असेल तर कॉलरला लावतात तो बारीक माइक स्पंजची टोपी घालून हेल्मेटच्या आत, हनुवटीजवळ. इंजिन ऐकवायचं असेल तर छोटा रेकॉर्डर फडक्यात गुंडाळून मागच्या बॅगेत, सायलेन्सरच्या उष्णतेपासून दूर. तिथे वारा नाही, आवाज भरघोस येतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. मी विसरते आणि हॉर्नवर जुळवत बसते.

प्रश्न : हेल्मेटवर लावला तर थरथर येत नाही म्हणतात.

उत्तर : खरं आहे. तुमची मान आणि पाठ बारीक थरथर कुठल्याही रबरापेक्षा चांगली शोषतात. पण डोक्याच्या माथ्यावर लावलेला कॅमेरा वाऱ्यात मान मागे खेचतो, आणि पडलात तर कुठेतरी अडकू शकतो. हनुवटीपुढे, पडल्यावर सहज निखळेल असा लावा. हेल्मेटला भोक कधीच पाडू नका. आणि तुमच्याकडच्या कायद्यात हेल्मेटवर काही बसवायला परवानगी आहे का, ते आधी बघा. मी छातीवरचा पट्टा वापरते. हात, हँडल, मीटर आणि पुढचा रस्ता एका चौकटीत येतात. फक्त टाकीवर पुढे वाकून बसण्याची सवय असेल तर नुसती टाकीच दिसेल.

प्रश्न : बॅटरी तासाभरात संपते, कार्ड दुपारी भरतं. सलग चित्रण करणारे कसं जमवतात?

उत्तर : बॅटरीसाठी गाडीच्या १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवा. चावी फिरवल्यावरच सुरू होईल असा, नाहीतर सकाळी गाडी ढकलावी लागेल. फ्युज गाडीच्या बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं. वायर लावायला कॅमेऱ्याचं झाकण उघडावं लागतं आणि तिथेच पाणी शिरतं, म्हणून पावसात वायर काढून झाकण बंद. उन्हात उभ्या गाडीवर चालू कॅमेरा तापून बंद पडतो. चालताना वारा त्याला थंड ठेवतो, तेव्हा थांबलात की बंद करा.

कार्डाचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर ते झाले साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. १२८ गिगाबाइटचं कार्ड पावणेतीन तासांत भरणार. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असेल तर ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकतं, म्हणजे या कामाला पुरतं.

पण सलग चित्रण करताच कशाला? मी एकदा पूर्ण घाट चित्रित केला. मुक्कामी पोचून पाहिलं, तर पहिल्या वळणालाच क्लॅम्प घसरून कॅमेरा खाली बघू लागला होता. पावणेतीन तासांपैकी अडीच तास माझ्या टाकीचं झाकण. आता पेट्रोलला थांबले की आधी भिंग पुसते, कॅमेऱ्याला बोटाने एक टिचकी मारते, दहा सेकंदांचा तुकडा घेऊन लगेच बघते, आणि मग हेल्मेट घालते.