धावणाऱ्याची कंबर दुखत असेल तर कायरोप्रॅक्टरकडे जावं की हाडांच्या डॉक्टरकडे?

कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने झटका देऊन मणके 'बसवणारा', म्हटलं की मला माझा साडू आठवतो, त्यामुळे उत्तर जरा तिरकंच येईल.

मी बडोद्याचा, वय 46. मॅराथॉनच्या 21 किलोमीटरच्या नादात आठवड्याचं धावणं तीन आठवड्यांत 22 वरून 40 किलोमीटरवर नेलं. एका पहाटे कमाटीबागेच्या फाटकाशी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि उसण भरली. सरळच होता येईना. झाडू मारणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, बेसी जाओ." बसताही येत नव्हतं.

साडू म्हणाला, "डॉक्टर गोळ्याच देणार. माझ्या माणसाकडे चल, मणका जागेवर बसवतो." त्या माणसाने मला पालथं झोपवलं, टाचा जुळवल्या आणि बायकोला दाखवलं, "बघा, डावा पाय अर्धा इंच आखूड." मग कुशीवर वळवून, वरचा गुडघा दाबून असा कडाका काढला की बाहेर बसलेला साडू "वाजलं!" म्हणून ओरडला. उठलो तर खरंच हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच भरात बारा सिटिंगचे नऊ हजार आगाऊ भरले. तिसऱ्या दिवशी कंबर होती तिथेच. आणि पुढच्या खेपेला आखूड पाय उजवा निघाला!

मणका बिणका काही जागेवर बसत नाही हो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. या कायरोप्रॅक्टिक विद्येचा जनक पामर याने 1895 मध्ये अमेरिकेत पहिला रोगी बरा केल्याचं सांगतात, तो कंबरेचा नव्हता, बहिरेपणाचा होता. साडूला हे सांगितलं तर म्हणतो, "मग आपल्या बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यात व्यायामगुरू माणिकराव हाडं बसवायचे, ते काय?" अरे, ते खरंच निखळलेली हाडं बसवायचे!

पाचव्या सिटिंगनंतर हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. तिथेही ओवाळावं असं काही नव्हतं. चार मिनिटं, एक्स-रे, गोळ्या, कंबरपट्टा आणि "या वयात धावायचं कशाला?"

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने, माझ्या पुतणीच्या वयाची असेल, पहिलाच प्रश्न विचारला, "काका, धावणं किती वाढवलंत?" दोघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. एका पायावर उभं केलं, तर कमरेची एक बाजू खाली कलली. रोज ब्रिज, साइड प्लँक, नितंबांचे व्यायाम. पट्टा काढून टाकला. धावणं बंद नाही, 12 किलोमीटरवर आणलं आणि हळूहळू चढवलं. दोन महिन्यांत रुळावर.

आता साडूच्या बाजूने एवढंच: अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 मध्ये ताज्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी जे पर्याय सांगितलेत, त्यात शेक, मालिश यांच्याबरोबर मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे तो हाताचा कडाकाही आहे. उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने मात्र ते व्यायामाच्या जोडीनेच करा म्हटलंय. आणि अशी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूकही उतरते, म्हणजे माझी कशाने गेली हे छातीठोक मीही सांगू नये.

हो, एक राहिलंच. लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, ताप असला किंवा धावलं की हाडात एकाच जागी ठणका लागत असेल, तर कडाका बिडाका नको, तडक डॉक्टर. मानेला तर हात लावू देऊच नका. क्वचित का होईना, तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

माझी उरलेली सात सिटिंग? पैसे परत मिळेनात, म्हणून साडूने ती स्वतःच्या मानेसाठी वापरली. फरक पडला म्हणतो. फक्त हाक मारली की हल्ली अख्खा वळतो.