महागाई ३ टक्के सांगतात, मग आमच्या घराला एवढी का जाणवते?

तुम्ही विचारलंय की अधिकृत आकडा ३ टक्के आणि घरचा खर्च त्याच्या दुप्पट वेगाने वाढतोय, तर खोटं कोण बोलतंय? माझ्या मते कुणीच नाही. तो आकडा तुमच्या घराचा नाहीच.

तो येतो ग्राहक किंमत निर्देशांकातून, म्हणजे घरं विकत घेतात त्या वस्तू-सेवांच्या किमती एकत्र मोजणाऱ्या आकड्यातून. त्यात प्रत्येक वस्तूचा भार ठरतो तो सगळ्या घरांच्या मिळून होणाऱ्या खर्चातल्या तिच्या वाट्यावरून. त्यामुळे जो जास्त खर्च करतो, त्याचं वजन जास्त. दोनच घरं धरा. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या चौपट. पहिल्याची महागाई २ टक्के, दुसऱ्याची ७. खर्चाच्या भाराने सरासरी येते ३ टक्के; दोन्ही घरं सारखी धरली तर साडेचार. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय आता घरं सारखी धरूनही आकडे काढतं आणि त्यात गृहकर्जाचं व्याजही मोजतं. बऱ्याच देशांच्या मुख्य निर्देशांकात ते व्याज नसतं. हप्ता वाढून घराचं कंबरडं मोडलं तरी आकडा जागचा हलत नाही, हे मला फार खटकतं.

मी काही वर्षं आमच्या घराचा निर्देशांक स्वतः काढतोय. त्यात एक पथ्य पाळावं लागतं: खर्च वाढला म्हणजे महागाई वाढली असं नव्हे. घरात माणूस वाढलं, दुसरा फोन आला, तर तो वेगळा हिशोब. गेल्या वर्षी जे आणि जेवढं घेतलं, तेच तेवढंच आज घ्यायला किती लागतील, एवढंच बघायचं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ एटिएन लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडलेली पद्धत हीच. भाड्याचा वाटा खर्चाच्या ३० टक्के असेल आणि भाडं १० टक्क्यांनी वाढलं, तर एकट्या भाड्याने तुमची महागाई ३ टक्के झाली. औषधं, वीज, फी, प्रवास असं करत बेरीज करा.

किंमत मात्र नगावर नको, वजनावर लिहा. आमच्याकडची साबणाची वडी त्याच किमतीत १०० ग्रॅमची ९० ग्रॅम झाली. वेष्टन तेच, त्यामुळे कित्येक महिने लक्षातच आलं नाही. दर ११ टक्क्यांनी वाढला होता.

या पद्धतीत महागाई थोडी फुगून दिसते, कारण एखादी वस्तू महागली की आपण दुसरीकडे वळतो आणि जुनी यादी ते धरत नाही. म्हणून दर एक-दोन वर्षांनी वाटे नव्याने काढा. आणि तुलना वर्षाची वर्षाशी करा. विम्याचा हप्ता किंवा फी ज्या महिन्यात येते, त्या एका महिन्यावरून काहीच कळत नाही.