प्रदर्शनात पडद्यावर चालू असलेल्या शॉर्ट फिल्म पूर्ण बघायच्या का?

तुम्ही पेंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, कॉलेज कोचीच्या बिएनालेला, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाला, नेणार आहे आणि सरांनी आधीच बजावलंय की व्हिडिओच्या खोल्यांत वेळ घालवू नका, ‘खरी कामं’ बघा. म्हणून विचारताय, फिल्म पूर्ण बघायच्या की दोन मिनिटं डोकावून पुढे जायचं.

पूर्ण बघा. जमलं तर दोनदा बघा. ‘खरी कामं’ हे दोन शब्द वाचले आणि मला राहवलं नाही.

मीही दुसऱ्याच वर्षाला होते. २०१९चा जानेवारी, अनिता दुबे यांनी क्युरेट केलेलं बिएनाले. आख्खी रात्र कोकण रेल्वेत, मग एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोची. हातात दोन दिवस. कॉलेजच्या जर्नलमध्ये साठ कामांची नोंद हवी होती: थंबनेल (छोटंसं) स्केच, कलावंत, माध्यम, आकार. नव्वदहून अधिक कलावंत होते, त्यामुळे सगळे वही हातात घेऊन पळत होते. मीही दुपारपर्यंत पळाले.

दुपारी दक्षिण आफ्रिकेचे कलावंत विल्यम केंट्रिज यांच्या व्हिडिओच्या कामाशी आले आणि खालीच बसले. ओळीने आठ पडदे, आणि त्यांवरून माणसांची एक मिरवणूक जाते. कुणी ओझं वाहतंय, कुणी सलाइनचा स्टँड ओढत चाललंय, सांगाडे नाचताहेत, ब्रास बँड वाजतोय. मागे कोळशाने काढलेला उजाड माळ. सगळं मिळून साधारण पंधरा मिनिटं. मी मध्येच आत शिरले होते, त्यामुळे शेवट आधी पाहिला. दुसऱ्यांदा पहिल्यापासून पाहिलं. तिसऱ्यांदा माणसांकडे पाहिलंच नाही, फक्त मागचा कोळसा पाहत राहिले. वर्षभर आम्ही लँडस्केप करत होतो, पण माळ एवढा रिकामा ठेवायचं धाडस माझ्याच्याने झालं नव्हतं.

बाहेर आले तर आमचे सर दारात. ‘टीव्ही बघायला एवढ्या लांब आलीस?’ सगळ्यांसमोर. माझ्या जर्नलमध्ये साठाऐवजी चौतीस नोंदी झाल्या. केंट्रिजच्या नोंदीत ‘आकार’ या रकान्यात काय लिहायचं ते मला समजेना. शेवटी मी लिहिलं, ‘पंधरा मिनिटं’. त्यावर लाल पेनाने गोल आला आणि पंचवीसपैकी नऊ गुण. तोंडी परीक्षेला सर म्हणाले, ‘चित्र हललं की ते चित्र राहत नाही, तो सिनेमा झाला. तो शिकायचा तर पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटला जायचं होतं.’

तेव्हा मी गप्प बसले. घरी आईने विचारलं तरी नीट सांगता आलं नाही. आता सांगते.

केंट्रिज जोहान्सबर्गचे. १९८९पासून ते कोळशाने एक चित्र काढतात, थोडं पुसतात, पुन्हा काढतात आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने टिपतात. पुसलेल्याचा डाग कागदावर राहतो आणि फिल्ममध्येही दिसतो. हे ड्रॉइंग नसेल तर ड्रॉइंग म्हणायचं कशाला? पंढरपुरात जन्मलेल्या, सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेल्या एम. एफ. हुसेननी फिल्म्स डिव्हिजनसाठी राजस्थानात एक लघुपट केला, त्याला १९६७मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लघुपटाचं गोल्डन बेअर पारितोषिक मिळालं. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत कार्यशाळा उभी केली, तिथे चित्रकार आणि फिल्मवाले एकत्र काम करायचे. नलिनी मालानींनी आपल्या सुरुवातीच्या फिल्म तिथेच केल्या. हे सगळे आपल्याकडचे चित्रकार. यांचे कॅनव्हास अभ्यासक्रमात आहेत, फिल्म का नाहीत?

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं! माझं आजोळ कुडाळचं. तिथल्या पिंगुळी गावची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गायलेली कथा, मी आजोबांच्या मांडीवर बसून पाहिली आहे. पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ, हुडुक वाजत असतात, कथा गायली जाते, मग ते चित्र बाजूला आणि पुढचं समोर. कुठलं चित्र किती वेळ धरायचं हे गाणारा ठरवतो. युद्धाचं चित्र लांबतं, प्रवासाचं झटकन जातं. चित्राला वेळ असतो हे चित्रकथी करणाऱ्या ठाकर समाजातल्या कलावंतांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि आमच्या जर्नलमध्ये त्यासाठी रकाना नाही.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर लेबलवर कालावधी लिहिलेला असतो, आत शिरण्याआधी तो वाचा. वीस मिनिटांच्या आतलं असेल तर बसाच. मध्येच शिरलात तर फिल्म फिरून त्याच जागी येईपर्यंत उठू नका. भिंतीवरचा मजकूर नंतर वाचा, आधी वाचलात तर तोच शोधत बसाल. अंधारात स्केच करायला जाऊ नका, बाहेर येऊन आठवणीने करा. जे आठवत नाही ते सोडून द्या.

तासाभराच्या फिल्मही असतात. त्या दोन दिवसांत होत नाहीत, तिथे वीस मिनिटं बसून उठलात तरी चालेल. काही व्हिडिओ खरंच कंटाळवाणे असतात, ते सोडायला लाजू नका. गुणांची काळजी असेल तर पहिल्या दिवशी सकाळी नोंदींचा आकडा भरून टाका, मी तो भरला नाही याची किंमत मोजली आहे. आमच्या सरांना चाळीस मुलं दोन दिवसांत सांभाळायची होती, हेही खरं. पण दारात उभं राहून हसायची गरज नव्हती.

आता मी मास्टर्स करते आहे. गेल्या मे महिन्यात पुन्हा पिंगुळीला गेले. तिथे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांनी गोठ्यात उभारलेलं संग्रहालय आहे, त्यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. तिथून घरी आले, जुनं जर्नल काढलं आणि लाल गोलाच्या शेजारी पेन्सिलीने पुन्हा लिहिलं: आकार, पंधरा मिनिटं.